दोन तास चाळीस मिनिटं

सुनंदाबाईंनी दोन्ही सेल काउंटरवर आपटले. काच तडकली नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

“हे परत घ्या.”

दुकानदार ललित कानाला मोबाईल लावून कुणाला तरी चार्जरचे प्रकार समजावत होता. त्याने ‘थांबा’ म्हणून एक बोट वर केलं. गेले तीन दिवस जो तो सुनंदाबाईंना थांबायलाच सांगत होता. कोर्टातल्या कारकुनाने सांगितलं, समोरच्या बाजूच्या वकिलाने हसत हसत सांगितलं, आता हा सांगत होता.

“बोट खाली करा,” त्या म्हणाल्या. “बोदवडहून गाडीत उभी राहून आली मी. इथी अजून उभी ऱ्हायले नाही आली.”

ललितने फोन ठेवला आणि सेल उचलून पाहिले. सोनेरी कागद, त्यावर लाल ठळक आकडा, ४८००, आणि आकड्याखाली झेप घेणारा वाघ.

“काय प्रॉब्लेम आहे, काकू?”

“चालत नाहीत.”

“चार्ज किती केले होते?”

“रातभर.”

“मग जास्त झाले. जास्त झालं की सेल मरतो.”

“त्याच्या आदल्या दिवशी तीन तास केले. तवाबी नाही चालले.”

“मग कमी झाले असतील.”

खोटं बोलणारा माणूस निदान एका खोट्याला धरून बसतो. हा गडी दोन्ही हातांत दोन घेऊन बसला होता आणि चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता.

“टाकता कशात?” त्याने विचारलं. “नातवाच्या गाडीत?”

“माह्या मालकाच्या आवाजात टाकते.”

ललितला कळलं नाही. सुनंदाबाईंनी आपल्या गळ्यावर दोन बोटं टेकवून दाखवली. “ऑपरेशन झालं. आवाजाची पेटी काढून घेतली डॉक्टरनं. गळ्याले मशीन लावून बोलतात ते. त्या मशीनीत हे तुमचे वाघ जातात, अन् पंधरा-वीस मिनिटांत मरतात.”

ललितने हळहळल्यासारखं ‘च्च’ केलं, ते खरंही असेल. मग त्याने ड्रॉवर उघडला आणि दुसरं पाकीट काचेवर ठेवलं.

“असं होतं तर आधी सांगायचं ना. हे न्या. बावन्नशेचे. याच्यापेक्षा पॉवरफुल जळगावात नाही.”

तोच सोनेरी कागद आणि तोच वाघ. आकडा तेवढा वेगळा. सुनंदाबाईंनी पाकीट पुढून पाहिलं, उलटं करून पाहिलं.

“हे बावन्नशे कुणी मोजले?”

“कंपनी मोजते, काकू.”

“कंपनी कुठी ऱ्हायते? पत्ता नाही याच्यावर. तारीखबी नाही.”

“आता एवढं कोण बघतं?”

“मी बघू ऱ्हायली ना,” सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी आपले मेलेले सेल उचलून पिशवीत टाकले. “दुकानाच्या पाटीवर लिहा, इथी आकडे विकत भेटतात. म्हणजे लोकं चुकणार नाहीत.”

त्या तरातरा पायरी उतरल्या. एवढं बोलूनही पोटातली आग जराही कमी झाली नव्हती.

हे सेल त्यांच्या नवऱ्याने, लीलाधरभाऊंनी, स्वतः निवडले होते, याची तर जास्त चीड होती. तीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात धान्याची आणि कापसाची हर्राशी पुकारली. गालात तंबाखूची गोळी आणि तोंडात आकडे. आवाज असा की ढिगापाशी उभं राहून पुकारलं तर गेटवरच्या बैलाने कान टवकारावेत. यार्डात एक रीत होती, अजूनही आहे: चारचौघांत तोंडातून निघालेला आकडा परत घेता येत नाही. व्यापाऱ्याची जीभ घसरली तरी त्याने त्याच भावाने माल उचलायचा, कागद नसला तरी. तीस वर्षं ज्याने हेच पाहिलं, त्याने ललितच्या दुकानात एकवीसशेचे, अठ्ठावीसशेचे आणि अठ्ठेचाळीसशेचे सेल ओळीने मांडलेले पाहिले आणि बोट कुठे ठेवलं असेल हे सांगायला नको. सगळ्यात वरची बोली, तिचा माल. आकडा म्हटला की त्याच्या मागे कुणीतरी उभं असणार, असंच ते धरून चालले.

तंबाखूने आवाज खाल्ला. ऑपरेशननंतर आठ महिने लीलाधरभाऊ ओट्यावर बसून नुसते रस्ता पाहत. मग जीवरामशेठनी त्यांना आपल्या कापसाच्या जिनिंगच्या गेटवर बसायचं काम दिलं, आणि बोलायचं मशीनही शेठनीच मुंबईहून मागवून दिलं. वीतभर नळी, गळ्याला टेकवायची, अंगठ्याने बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. भुंगा गुणगुणावा तसा एकाच पट्टीतला आवाज निघे. त्यात राग कळत नसे, लाड कळत नसे, पण शब्द कळत. पहिल्या दिवशी लीलाधरभाऊ त्या मशीनीतून ‘सुनंदा’ म्हणाले तेव्हा सुनंदाबाईंनी शेठच्या नावाने देवापुढे दिवा लावला होता.

त्याच जिनिंगमध्ये मागच्या वर्षी कापसाच्या गाठींची थप्पी कोसळली आणि अमीन नावाचा हमाल खाली सापडून गेला. लीलाधरभाऊ दहा पावलांवर होते. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सुनंदाबाईंना सगळं सांगितलं होतं. थप्पी झुकली होती. अमीन म्हणत होता, वरून उतरवू, खालची ओढायला नको. शेठचा मुलगा हितेंद्र म्हणाला, ट्रक उभा आहे, खालचीच ओढ. शेठच्या वकिलाने मात्र कोर्टात लिहून दिलं की अमीनला त्या दिवशी कामावर बोलावलंच नव्हतं, तो दारू पिऊन थप्पीच्या सावलीत झोपला होता. अमीन साधं पानही खात नव्हता. त्याची बायको जरीना ते वाक्य ऐकून कोर्टाच्या बाकावर बसली ती बराच वेळ उठली नाही.

साक्षीला लीलाधरभाऊ हो म्हणाले. दुसरा कुणी म्हणाला नाही. शेठचं अन्न खाल्लेलं, मशीन शेठचं, तरी हो म्हणाले, आणि सुनंदाबाईंना आपल्या नवऱ्याचा इतका अभिमान लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला. तीन दिवसांपूर्वी ते पिंजऱ्यात उभे राहिले. न्यायाधीश म्हणाले, त्रास होत असेल तर उत्तरं लिहून द्या, कायद्याला चालतं. लीलाधरभाऊंनी मान हलवली. “लिहून नाही. बोलून,” मशीन म्हणालं, आणि मागच्या बाकावरच्या दोन अनोळखी म्हाताऱ्यांनीसुद्धा माना डोलावल्या. मग नाव, गाव, नोकरी झालं, जरीनाच्या वकील कामिनीताईने मुख्य प्रश्न विचारला, आणि मशीन बंद पडलं. झटकलं, सेल काढून घातले, काही नाही. शेठचा वकील उठून म्हणाला, “साक्षीदाराने पुढच्या वेळी आवाजाची सोय करून यावं.” काही लोक हसले. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची पडली.

आणि हे सगळं त्या झेप घेणाऱ्या वाघामुळे.

मिसबाहचं दुकान सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली होतं. पत्ता कामिनीताईने दिला होता. सोनारांचे वजनकाटे आणि सभांचे माइक दुरुस्त करणारी तिशीची मुलगी. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, हातात बारीक पकड. तिने सेल हातात घेतला आणि काही विचारायच्या आधी टेबलावरच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला.

“चौदा ग्रॅम,” ती म्हणाली. मग खणातून एक साधा पांढरा सेल काढून ठेवला. “हा बघा. अठ्ठावीस. दोन्ही एकाच मापाचे. याच्या अंगात निम्मं काहीच नाही, मावशी.”

“चार्ज करायले चुकलं म्हणे.”

“हवा चार्ज होत नाही.” मिसबाहने तो सेल एका छोट्या यंत्रात बसवला. “खरा सेल असला तर भरून, रिकामा करून मोजायला दिवस जातो. याचं चहा होईपर्यंत होईल.”

चहा आला, पिऊन झाला. यंत्राने आकडा दाखवला: ३९०. सुनंदाबाईंनी तो दोनदा वाचला.

“पुढचं एखादं शून्य राहिलं का?”

“काही राहिलं नाही. अठ्ठेचाळीसशे लिहिलंय, निघाले तीनशे नव्वद. ह्या मापाच्या सेलमध्ये दोन हजार मावतात, फार तर पंचवीसशे. त्याच्या वर जो आकडा जातो ना, तो छापणाऱ्याचा असतो. मोठा आकडा लिहायला शाई जास्त लागत नाही.” तिने दुसरा सेल उचलला. “फोडू?”

“फोड.”

मिसबाहने सोनेरी कागद सोलला, पत्र्याचा डबा बारीक करवतीने कापला आणि टेबलावर उपडा केला. आतून करंगळीएवढा एक छोटा सेल निघाला आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला पुठ्ठा. करड्या रंगाचा, चपलांच्या खोक्याला असतो तसा. सुनंदाबाईंनी पुठ्ठ्याचा तुकडा चिमटीत धरला. तीस वर्षं ज्याच्या आवाजावर यार्ड चाललं, त्याचा आवाज कुण्या हरामखोराने ह्या पुठ्ठ्यावर टांगून ठेवला होता. डोळ्यांत पाणी आलं आणि पाणी आल्याचाही त्यांना राग आला.

“आता कोणते घेऊ?” त्यांनी विचारलं. “अन् मले सरळ सांग.”

“हे. दोन हजारांचे. लहान आकडा लिहिणारा बहुतेक वेळा खरं लिहितो. तारीख बघायची, बनवणाऱ्याचा पत्ता बघायचा, हातात तोलून बघायचं. चार्ज हळू करायचा. आणि दोन जोड्या ठेवा, एक मशीनमध्ये, एक पिशवीत. एका जोडीतला सेल दुसऱ्या जोडीत जाऊ द्यायचा नाही, नाहीतर चांगला वाइटाच्या मागे मरतो.” तिने काळ्या शाईच्या पेनाने दोन सेलांवर ‘१’ लिहिलं आणि दोनांवर ‘२’. “आणि माझ्यावरपण विश्वास ठेवू नका. घरी जाऊन घड्याळ लावून बघा.”

सुनंदाबाईंनी अक्षरशः तेच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मशीनचं बटण रबराने आवळून बांधलं, ते पोळपाटावर ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसल्या. घर घुमायला लागलं. शेजारच्या भिकुबाई दोनदा दारात येऊन गेल्या. तासाभराने जरीना आली, उंबऱ्यातच थबकली.

“अक्का, काय वाजू ऱ्हायलं हे?”

“भाऊंचा आवाज,” सुनंदाबाई म्हणाल्या. “बस. मोजू ऱ्हायली मी.”

जरीना भिंतीला टेकून बसली. दोघी घड्याळाचा काटा पाहत बसल्या. मशीनच बोलत होतं.

“भाऊ सांगतील ना, अक्का?” जरीनाने शेवटी विचारलं. “मले बाकी काई नको. निस्तं ते दारूचं पुसलं पाहिजे. पोरगी मोठी होईल, कुणीतरी ते कागद काढून दाखवीन तिले.”

“सांगतील. मागच्या टायमालेच सांगत होते. ह्या मुर्द्यांनी दगा दिला.”

लीलाधरभाऊ ओट्यावर पाठमोरे बसले होते. मशीन पोळपाटावर असल्यामुळे त्यांना काही म्हणायची सोय नव्हती. दोन तास चाळीस मिनिटांनी गुणगुण बारीक होत थांबली, तेव्हा सुनंदाबाई लगबगीने बाहेर गेल्या आणि त्यांनी बोटांवर करून दाखवलं, दोन तास, चाळीस मिनिटं. लीलाधरभाऊंनी मान डोलावली आणि गळ्यावरचं फडकं नीट केलं. पुढच्या दोन आठवड्यांत सुनंदाबाईंनी दोन्ही जोड्या आणखी दोनदा तपासल्या. प्रत्येक वेळी दोन-चार मिनिटं इकडे तिकडे, बाकी तेच.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात जीवरामशेठ भेटले. पांढरे कपडे, पांढरी टोपी, आवाजात साखर. त्यांनी लीलाधरभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

“तब्येत कशी आहे, लीलाधर? मशीन बरं चालतं ना?”

लीलाधरभाऊंनी हात जोडले. सुनंदाबाईंनी जोडले नाहीत. शेठ त्यांच्याकडे पाहून हसले आणि आत गेले.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी लीलाधरभाऊ पिंजऱ्यात उभे राहिले. मशीनमध्ये एक नंबरची जोडी होती, रात्री सुनंदाबाईंनी स्वतः चार्ज केलेली. दोन नंबरची त्यांच्या पिशवीत, रुमालात बांधलेली. कामिनीताईने या वेळी फापटपसारा ठेवला नाही. जिनिंगमध्ये कधीपासून, कुठे बसायचे, त्या दिवशी किती वाजता काय चाललं होतं. मशीन एकाच पट्टीत उत्तरं देत होतं. टंकलेखक मुलगी टाइप करत होती. मधे शेठच्या वकिलाने दोनदा हरकत घेतली, न्यायाधीशांनी दोनदा फेटाळली. सुनंदाबाई घड्याळाकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने पाहत होत्या. आपण इथवर आणलं, असं त्यांना वाटत होतं.

“अमीन त्या वेळी काम करत होता की झोपला होता?”

“काम,” मशीन म्हणालं.

जरीनाने सुनंदाबाईंचा हात घट्ट धरला.

“थप्पी झुकलेली असताना खालची गाठ ओढायला त्याला कोणी सांगितलं?”

लीलाधरभाऊंनी मशीन गळ्याला लावलं. ओठ उघडले. आवाज आला नाही.

त्यांनी मशीन झटकलं, तळहातावर आपटलं, पुन्हा लावलं. नाही. त्यांनी न्यायाधीशांकडे पाहून दोन्ही हात पसरले. शेठचा वकील बसल्या जागेवरून अर्धा उठलाच होता.

“साहेब, पुन्हा तेच. माझी विनंती आहे की साक्षीदाराची प्रकृती लक्षात घेता…”

सुनंदाबाईंनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून आठ मिनिटं. अठ्ठावीस मिनिटं झाली होती. त्यांनी पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं, या वेळी तोंडाकडे नाही, हाताकडे. दोन वर्षं हा हात त्या रोज पाहत होत्या. बोलताना बटण दाबलं की लीलाधरभाऊंच्या अंगठ्याचं नख पांढरं पडतं. आता लीलाधरभाऊंनी शेवटचा प्रयत्न म्हणून मशीन पुन्हा गळ्याला लावलं होतं, ओठ हलत होते, आणि नख गुलाबी होतं. अंगठा बटणाच्या शेजारी नुसता टेकलेला होता.

एवढा राग सुनंदाबाईंना ललितचा आला नव्हता. पुठ्ठा भरणाऱ्याचाही आला नव्हता. त्याला निदान त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ह्या माणसाला पस्तीस वर्षं वाढून घातलं होतं. तीन आठवडे त्या गावभर सेलांच्या नावाने बोटं मोडत हिंडल्या आणि हा ओट्यावर पाठ करून ऐकत बसला. आणि मागची तारीख? त्या दिवशी सेल मेले होते की हाच मेला होता? त्या दिवशी त्यांनी घड्याळ पाहिलं नव्हतं, हाताकडेही पाहिलं नव्हतं. ते आता कधीच कळणार नव्हतं.

त्या उठल्या.

“बाई, खाली बसा,” पट्टेवाला म्हणाला.

“साहेब,” सुनंदाबाई न्यायाधीशांना म्हणाल्या, “माह्याकडे दुसरे सेल हायेत. मिनिटभर लागीन.”

शेठच्या वकिलाने तोंड उघडलं. न्यायाधीशांनी त्याला हाताने थांबवलं आणि सुनंदाबाईंना मान हलवून परवानगी दिली. शेठच्या माणसाला बोलण्याआधीच कुणी थांबवलं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं.

पिंजऱ्यापाशी जाऊन त्या कोर्टाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मशीन त्यांनी नवऱ्याच्या हातून काढून घेतलं. झाकण सरकवलं, आतले दोन्ही सेल डाव्या तळहातावर घेतले आणि मशीन कठड्यावर ठेवलं. रुमालाची गाठ सोडून नवे दोन उजव्या तळहातावर ठेवले. दोन्ही हात त्यांनी लीलाधरभाऊंच्या छातीपाशी धरले, दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत असे. इकडे एक नंबर, तिकडे दोन नंबर. लीलाधरभाऊ पाहत होते. सुनंदाबाईंनी उजवी मूठ मिटली, नवे सेल रुमालात परत टाकले, आणि तेच, एक नंबरचे सेल एकेक करून पुन्हा मशीनमध्ये बसवले. झाकण लावलं. मग त्यांनी मशीन स्वतःच्या गळ्याला टेकवलं, बटण दाबलं आणि श्वास रोखून नुसते ओठ हलवले.

“चालू हाये,” मशीन म्हणालं.

मागे कुणीतरी खोकलं. सुनंदाबाईंनी मशीन नवऱ्याच्या हातात दिलं. त्या जागेवर परत गेल्या नाहीत, पिंजऱ्याच्या कठड्यापाशीच उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं नाही.

“प्रश्न पुन्हा विचारा.”

“खालची गाठ ओढायला अमीनला कोणी सांगितलं?”

लीलाधरभाऊंनी शेठकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होती. नख हळूहळू पांढरं झालं.

“हितेंद्रभाऊंनी,” मशीन म्हणालं. “अमीन नको म्हणत होता.”

टंकलेखक मुलीची बोटं चालू झाली. शेठच्या वकिलाने उलटतपासणीला अर्धा तास घेतला. त्याने तंबाखू काढली, आजारपण काढलं, उपकार काढले. सेल कुठेही अडले नाहीत.

कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली जरीनाने लीलाधरभाऊंचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. ती रडत होती.

“शेठचा माणूस असून बोलले तुम्ही, भाऊ. माह्या पोरीले मी सांगीन, असा माणूस होता म्हणून.”

लीलाधरभाऊंनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, जमला नाही. मशीन खिशात होतं. ते जमिनीकडे पाहत राहिले.

“अन् अक्का, तुम्ही दुसरे सेल आणले म्हणून निभलं,” जरीना म्हणाली. “नाहीतर आजबी गेलं असतं.”

लीलाधरभाऊंनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. सुनंदाबाईंच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं, आणि जीभ तर त्यांची चांगली शाबूत होती.

“हो,” त्या म्हणाल्या. “दुसरे होते म्हणून.”

स्टेशनवर गाडीला अजून वेळ होता. जरीना नळावर तोंड धुवायला गेली. बाकावर दोघंच उरली, मधे पिशवी. लीलाधरभाऊंनी खिशातून मशीन काढलं. थोडा वेळ ते नुसतं हातात फिरवलं, मग गळ्याला लावलं.

“सुनंदा,” मशीन म्हणालं. “मले त्या वेळी…”

गाडी आत येत होती. सुनंदाबाईंनी पिशवी उचलली, जरीनाला हाक मारली आणि बायकांच्या डब्याच्या दिशेने चालायला लागल्या. मागून गुणगुण येत राहिली, स्वच्छ, न अडखळता. त्या मशीनमध्ये अजून दीड तास तरी शिल्लक होता. त्या डब्यात चढल्या, जरीनाला खिडकीपाशी बसवलं आणि तिच्या शेजारी, फलाटाकडे पाठ करून बसल्या.